बापाकडून आलेली उडी

फळमाशीच्या कँटन-एस वाणाच्या माद्या आणि हार्विच वाणाचे नर एका बाटलीत सोडायचे, बाटली २९ अंश सेल्सिअसला ठेवायची आणि वाट बघायची. नवव्या-दहाव्या दिवशी ज्या मुली कोशातून बाहेर पडतात त्या दिसायला अगदी धडधाकट असतात. विटकरी लाल डोळे, नीट उलगडलेले पंख, चपळ चाल. पण यीस्ट लावलेल्या ताज्या खाद्यावर दोन-तीन दिवस ठेवल्या तरी त्यांचं पोट काही भरत नाही. सलाइनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली, एका चिमट्याने छाती धरायची आणि दुसऱ्याने पोटाचं टोक हळूच ओढायचं. एरवी पांढुरक्या अंड्यांनी गच्च भरलेले दोन अंडाशय घरंगळत बाहेर येतात. इथे आतडं येतं, अंडनलिका येते, आणि तिच्या टोकाला जवळजवळ काहीच नसतं. आता जोडी उलटी लावायची: हार्विचच्या माद्या, कँटन-एसचे नर. तेच तापमान, तेच खाद्य. या मुलींची पोटं अंड्यांनी टम्म फुगलेली.

हा हिशेब लागत नाही.

मुलीला प्रत्येक गुणसूत्र, अगदी एक्ससुद्धा, एक आईकडून आणि एक बापाकडून मिळतं. म्हणजे दोन्ही जोड्यांमधल्या मुली गुणसूत्रांनी सारख्याच. आई कुठल्या वाणाची आणि बाप कुठल्या, एवढाच काय तो फरक. तरी एका बाजूच्या मुली वांझ आणि दुसऱ्या बाजूच्या लेकुरवाळ्या. अंडाशय नसण्यावरच हे थांबत नाही. तापमान थोडं कमी ठेवून पहिल्या जोडीच्या मुलामुलींना संतती होऊ दिली, तर तिच्यात उत्परिवर्तनांचं प्रमाण वाढलेलं दिसतं, गुणसूत्रं तुटलेली दिसतात, आणि ज्या नरांमध्ये गुणसूत्रांची अदलाबदल सहसा होतच नाही त्यांच्यातही ती होऊ लागते. अमेरिकेत मार्गारेट आणि जेम्स किडवेल, ऑस्ट्रेलियात जॉन स्वेद, अशी माणसं सत्तरच्या दशकात या विचित्र प्रकाराच्या मागे लागली होती. १९७७ मध्ये या तिघांनी मिळून त्याची एकत्र मांडणी केली. बाप ज्या वाणांतून यावा लागतो त्यांना 'पी' म्हणायचं आणि आई ज्यांतून यावी लागते त्यांना 'एम', हे तेव्हापासून रूढ झालं. पितृ आणि मातृ शब्दांची इंग्रजीतली आद्याक्षरं. दोष एका अर्थाने बापाकडून येत होता, पण आईच्या अंड्यात काहीतरी कमी असल्याशिवाय तो उमटत नव्हता.

इथे फळमाशी म्हणजे हापूसमध्ये अळ्या करून बागायतदाराचा हंगाम बुडवणारी माशी समजू नये. हे पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं लहानसं चिलट, ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. प्रयोगशाळेत पाळायला सोपं. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांत त्याला रवा-गुळाचं खाद्य देतात: लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, १० ग्रॅम अगर, आणि बुरशी धरू नये म्हणून शेवटी साडेसात मिलिलिटर प्रोपिओनिक आम्ल. आम्ल खाद्य आचेवरून उतरवून जरा निवल्यावर घालायचं. कढत असताना घातलं तर ते उडून जातं आणि आठवड्याभरात बाटलीत बुरशीची दाढी उगवते.

चाचणी सोपी वाटते, पण तिच्यात फसायला जागा पुष्कळ आहेत. पहिली म्हणजे मादी कोरी हवी. २५ अंशांना माशी कोशातून निघाल्यावर पहिल्या आठेक तासांत नराला जवळ येऊ देत नाही, म्हणून बाटली सकाळी पूर्ण रिकामी करायची आणि त्यानंतर निघालेल्या माद्या तेवढ्या मुदतीत वेगळ्या काढायच्या. नुकती जन्मलेली माशी फिकट असते आणि तिच्या पोटाच्या पारदर्शक कातडीतून एक काळपट ठिपका दिसतो. तो दिसला की निर्धास्त व्हावं. मादी शुक्रजंतू साठवून ठेवते, त्यामुळे अशी एक जुनी मादी चुकून मिसळली तरी तिच्या आधीच्या नवऱ्याच्या मुली तुमच्या मोजणीत येतात, आणि वांझपणाचा आकडा उगीच खाली उतरतो. दुसरी जागा तापमानाची. इनक्युबेटर २९ दाखवतो, पण मागच्या कप्प्यात २७ असेल तर परिणाम पुसट होतो; आणि ३० च्या वर गेलं तर नर उष्णतेनेच नापीक होऊ लागतात, मग पी-एमचा काही संबंध राहत नाही. तिसरी जागा खाद्याची. गर्दीत वाढलेल्या, कोरड्या खाद्यावरच्या माशीचे अंडाशय बारीक राहतात, पण ते असतात. बारीक अंडाशय आणि अंडाशयच नसणं यांतला फरक नवशिक्याला पहिल्या दिवशी दिसत नाही. घाई असेल तर माद्यांना दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून अंडी दिसतात का एवढंच बघतात. नीट करायचं असेल तर एकेक मादी उघडून डावा-उजवा अंडाशय वेगळा मोजतात.

अनोळखी वाण आला की त्याच्या दोन जोड्या लावायच्या. त्याचे नर कँटन-एसच्या माद्यांना दिले तर त्याच्यात उपद्रव किती आहे ते कळतं. त्याच्या माद्या हार्विचच्या नरांना दिल्या तर त्याच्यात बचाव किती आहे ते कळतं. नापीक अंडाशय दहा टक्क्यांच्या वर की खाली, यावर शिक्का बसतो. उपद्रवही नाही आणि बचावही नाही, तो एम. दोन्ही आहेत तो पी. उपद्रव नाही पण बचाव आहे, असाही एक वर्ग निघाला, त्याला क्यू म्हणतात.

अशा शेकडो वाणांची चाचणी झाल्यावर जे चित्र उभं राहिलं ते मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत थरारक वाटतं. वाण कुठला आहे यापेक्षा माश्या कधी पकडल्या यावर सगळं अवलंबून होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पकडलेले, कँटन-एस किंवा ओरेगॉन-आरसारखे वाण झाडून सगळे एम. पन्नासच्या दशकापासून अमेरिकेतल्या माश्यांत पी सापडू लागतो. हार्विच हा वाण १९६७ चा, मॅसॅच्युसेट्समधला. पुढे युरोप, आफ्रिका, आशिया. ऐंशीच्या दशकात रानातून नवी माशी पकडून आणावी आणि तिच्यात पी नसावा, असं जवळपास उरलंच नाही. काहींनी आधी उलटा अर्थ लावला: पी रानात पूर्वीपासूनच असेल, बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या कोंडल्यावर तो गळून गेला असेल. शंका रास्त होती. पण एकाच काळातल्या, जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या बाटल्यांतून तो सगळीकडे सारखाच गळावा आणि मागे तुकडासुद्धा राहू नये, हे पटण्यासारखं नव्हतं. या उपद्रवाच्या मुळाशी असलेला, गुणसूत्रांत उड्या मारत फिरणारा डीएनएचा तुकडा म्हणजे पी-एलिमेंट, थोडक्यात पी. जुन्या वाणांच्या डीएनएत त्याचा मागमूस नव्हता. बाटल्यांनी काही गमावलेलं नव्हतं. रान बदललं होतं.

आणि ते बदललं हे आपल्याला कळलं ते बाटल्या सांभाळणाऱ्यांमुळे. बियाण्यासारखा माशीचा वाण पाकिटात घालून ठेवता येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, थंड खोलीत ठेवला तर चारेक आठवड्यांनी, जुन्या बाटलीतल्या माश्या नव्या खाद्यावर झटकाव्याच लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पकडलेल्या माशीचा वंश आज जिवंत आहे याचा अर्थ, इतकी वर्षं, युद्धात, सुट्ट्यांत, निधी आटलेल्या काळात, कुणी ना कुणी ती बाटली झटकली आहे. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याच शोधनिबंधावर नाहीत. कँटन-एसला आजही 'वाइल्ड टाइप' म्हणतात, पण तशी माशी आता रानात कुठेही सापडत नाही, ही गोष्ट मनात आली की मला थोडं उदास वाटतं.

पी-एलिमेंट म्हणजे २,९०७ अक्षरांचा डीएनए. दोन्ही टोकांना एकमेकांची उलटी प्रत असलेली ३१-३१ अक्षरं, आणि मध्ये ट्रान्सपोझेज या एकाच प्रथिनाचा मजकूर. हे प्रथिन दोन्ही टोकं ओळखतं, तुकडा कापून काढतं आणि दुसरीकडे नेऊन बसवतं. बसवताना तिथली आठ अक्षरं दोनदा लिहिली जातात; ती खूण शोधली की उडीची जागा सापडते. आता एक जागा सोडून दुसरीकडे गेला तर संख्या वाढायची कशी? कापलेली जागा पेशी तशीच ठेवत नाही. तुटलेल्या टोकांना जोडायला ती शेजारच्या भगिनी-प्रतीवरून, म्हणजे पेशी दुभंगण्याआधी बनलेल्या त्याच गुणसूत्राच्या जोडप्रतीवरून, मजकूर उतरवते, आणि तिथे पी अजून शाबूत असतो. म्हणजे दुरुस्ती करता करता पेशीच त्याला पुन्हा लिहून काढते. उतरवणं मध्येच तुटलं तर मधला भाग गाळलेला, अर्धवट पी तयार होतो. असे अर्धवट तुकडे रानातल्या माश्यांत ढिगाने सापडतात, आणि पुढे त्यांचंही एक काम निघतं.

हे सगळं फक्त बीजपेशींत घडतं. ट्रान्सपोझेजच्या मजकुराचे चार भाग आहेत, त्यांच्यामध्ये तीन निरर्थक पट्टे. शरीराच्या इतर पेशींत तिसरा पट्टा कापला जात नाही; त्यामुळे अपुरं प्रथिन बनतं, आणि ते उडी मारायला मदत करण्याऐवजी तिला अडवतं. बीजपेशींत तिन्ही पट्टे कापले जातात आणि पूर्ण ट्रान्सपोझेज तयार होतं. पंखाच्या पेशीत उडी मारून पीला काही मिळत नाही, ती पेशी माशीबरोबर मरते. उडी मारायची तर पुढच्या पिढीत जाणाऱ्या पेशीत. म्हणून धडधाकट मुलगी आणि रिकामं पोट, हे दोन्ही एकाच अंगात नांदतं: वाढत्या अळीच्या बीजपेशींत इतक्या ठिकाणी डीएनए तुटतो की त्या पेशीच मरून जातात, आणि बाकीचं शरीर सुखाने वाढतं.

मग ज्यांच्या अंगात पीच्या तीस-चाळीस प्रती आहेत त्या हार्विच माद्या सुखरूप कशा? याचं उत्तर मिळायला २००८ साल उजाडलं. जूलियस ब्रेनेके आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आई अंड्यात अतिशय लहान आरएनए भरून देते, सुमारे २३ ते २९ अक्षरांचे. यांना पीआय-आरएनए म्हणतात. पिवी कुळातली प्रथिनं हे तुकडे हातात धरून बसतात आणि त्यांच्याशी जुळणारा मजकूर दिसला की तो कापतात किंवा मुळातच गप्प करतात. तुकडे येतात गुणसूत्रांवरच्या ठरावीक जागांमधून, जिथे जुन्या-मेलेल्या उडत्या जनुकांचे अवशेष साठलेले असतात. नवा घुसखोर उड्या मारता मारता त्यातल्या एखाद्या जागेत जाऊन पडला की त्याचाही मजकूर या साठ्यात नोंदला जातो. अझरबैजानमधल्या लेरिकच्या माश्यांतून काढलेल्या एका वाणात एक्स गुणसूत्राच्या अगदी टोकाला पीच्या दोन प्रती आहेत. त्या दोनच, योग्य जागी पडलेल्या, बाकी सगळ्या पींना गप्प बसवायला पुरतात. पण नुसता साठा असून भागत नाही. दुधाला विरजण लागतं तसे आधीच्या पिढीचे थोडे तयार तुकडे अंड्यात असावे लागतात; त्यांच्या कापाकापीतून नवे तुकडे बनतात आणि चक्र जोराने फिरू लागतं. शुक्रजंतूत हे विरजण न्यायला जागाच नाही. बाप पी देतो, त्यावरचा उतारा देऊ शकत नाही.

त्यातही एक दिलासा आहे. २९ ऐवजी सौम्य तापमानाला वाढवलेल्या पहिल्या जोडीच्या मुली तरुणपणी वांझ असतात, पण तीन आठवड्यांच्या झाल्या की त्यांच्यातल्या बऱ्याच अंडी घालू लागतात. बापाकडून आलेल्या साठ्यातून हळूहळू तुकडे तयार होतात, काही उड्या नव्या साठ्यांत पडतात, आणि त्या मुली आपल्या लेकींना ते देऊन जातात. २०११ मध्ये हे तपशीलवार दाखवलं गेलं. आईकडून जे मिळालं नाही ते एका आयुष्यात उभं करता येतं, उशिरा का होईना.

नुकसान करणारी गोष्ट पसरते कशी, हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. साधं जनुक निम्म्या संततीत जातं. पी उडी मारून दोन-चार गुणसूत्रांवर बसला की जवळजवळ सगळ्याच संततीत जातो. समजा त्यापायी माशीची दहा टक्के पिल्लं कमी झाली. उरलेल्यांपैकी बहुतेकांत पी आहे, म्हणजे तो पुढेच गेला. रानात संध्याकाळची हवा गार असते, २९ अंशांत वाढणाऱ्या अळ्या थोड्या, त्यामुळे नुकसान प्रयोगशाळेत दिसतं तितकं होत नसावं. माशीच्या वर्षाला दहा-पंधरा पिढ्या होतात. तीस वर्षांत जग पादाक्रांत करायला तेवढं पुरलं. तो पसरत युरोपातून पूर्वेकडे गेला तसा त्याचा चेहरामोहरा बदलत गेला. पश्चिम युरोपात क्यू वाण जास्त, आणखी पूर्वेला, तेव्हाच्या सोव्हिएत संघात, अर्धवट तुकड्यांचं राज्य. त्यांतला केपी नावाचा, मूळच्या निम्म्याहून लहान तुकडा, ट्रान्सपोझेजला अडवणारं प्रथिन बनवतो. म्हणजे पीच्याच लेखनदोषातून त्याला लगाम घालणारा निघाला.

आणि तो आला कुठून? १९९० मध्ये याचं उत्तर मिळालं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, फ्लोरिडापर्यंत आढळणारी ड्रोसोफिला विलिस्टोनी ही दूरची जात. तिच्यातला पी आणि मेलॅनोगॅस्टरमधला पी यांत फक्त एका अक्षराचा फरक. या दोन जातींचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्यांचा संकर होत नाही, बाकीची जनुकं ओळखू न येण्याइतकी वेगळी. इतका ताजा सारखेपणा वंशातून येत नाही. तो तुकडा एका जातीतून दुसरीत थेट गेला असला पाहिजे. कसा, याचा एक संशयित आहे: प्रोक्टोलेलॅप्स रेगॅलिस नावाचा कोळीकिडा, जो माश्यांची अंडी घाईघाईने एकामागून एक टोचत फिरतो. १९९१ मध्ये त्याच्या अंगावरून पीचा डीएनए मिळाला. त्याने आधी एका जातीचं अंडं टोचलं, मग लगेच दुसऱ्या जातीचं, नेमकं बीजपेशी बनतात त्या टोकाजवळ, आणि ते अंडं जगलं. एकदा घडलं असेल तरी पुरे. पण त्यासाठी दोन्ही जाती एकाच सडक्या फळावर हव्यात, आणि मेलॅनोगॅस्टर मूळची आफ्रिकेची. ती अमेरिकेत गेली ती माणसाबरोबर, फळांच्या, साखरेच्या आणि गुलामांच्या जहाजांतून. उडी निसर्गाने मारली खरी, पण तिथवर नेऊन सोडलं आपण, ही गोष्ट मला डाचत राहते.

हा पहिलाच घुसखोर असंही नाही. जुने वाण वाचून काढल्यावर कळलं की त्याच शतकात टिरंट, आय-एलिमेंट आणि होबो या उडत्या जनुकांनीही रान काबीज केलं होतं, पीच्या आधी. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाचणीला लावून स्वीडनच्या लुंडमध्ये जपलेल्या माश्यांचा डीएनए वाचला गेला, आणि त्यातून ब्लड, ओपस आणि ४१२ हेही १८५० नंतरचे पाहुणे निघाले. पीच्या मागोमाग, ऐंशीच्या दशकात, स्पॉइंक आला, तोही विलिस्टोनीच्या गटातून.

२०१५ मध्ये कळलं की पी आता ड्रोसोफिला सिम्युलान्समध्ये शिरला आहे. ही मेलॅनोगॅस्टरची जवळची बहीण. माद्या एकमेकींपासून ओळखू येत नाहीत, म्हणून रानातून आणलेली एकेक मादी वेगळ्या बाटलीत ठेवून तिच्या मुलग्यांच्या जननांगाची कमान बघावी लागते, मोठी गोलसर असेल तर सिम्युलान्स. दोघींचा संकर झालाच तर संतती मरते किंवा वांझ निघते, म्हणून इतकी दशकं पी या उंबऱ्याशी अडला होता. तो ओलांडून गेलेल्या प्रतीत एक अक्षर बदललेलं आहे, २,०४० व्या जागी, आणि तेच अक्षर मेलॅनोगॅस्टरमधल्या थोड्या प्रतींतही सापडतं. म्हणजे अशाच एका प्रतीपासून सगळं सुरू झालं. यावेळी मात्र अभ्यासक जागे होते. नुकत्याच पकडलेल्या माश्या गरम आणि थंड खोल्यांत वाढवून पिढीगणिक मोजणी झाली. गरम खोलीत पी भराभर वाढला आणि सुमारे वीस पिढ्यांत थबकला. थंडीत तीच वाट त्याने सावकाश कापली.

तो का थबकतो, हे अजून पुरतं सुटलेलं नाही. रॉबर्ट कॉफ्लर यांच्या गटाने ड्रोसोफिला इरेक्टा या, पीशी कधीच गाठ न पडलेल्या जातीत तो मुद्दाम सोडला आणि तीन समूह पन्नासहून अधिक पिढ्या वाढवले. दोन समूहांत काही पिढ्यांतच पीआय-आरएनए तयार झाले आणि पी आवरला गेला. तिसऱ्यात साठ्याच्या जागांमध्ये पी पडलेला होता, वेगळ्या प्रकारचे लहान आरएनएही (एसआय-आरएनए) होते, दुसऱ्या उडत्या जनुकांविरुद्ध तेच चक्र व्यवस्थित फिरत होतं. फक्त पीविरुद्ध ते सुरू होईना, आणि पन्नास पिढ्यांनंतरही त्याच्या प्रती वाढतच होत्या. आतापर्यंत आपण धरून चाललो होतो की योग्य जागी एक उडी पडली की बचाव आपोआप उभा राहतो. या तिसऱ्या समूहात अशा उड्या पडल्या होत्या.